गंजाच्या कडेपलीकडे

विभागात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. पाठीमागे नव्हे, चक्क तोंडावर; आणि त्याला त्याचं वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटे. तो डॉक्टर नव्हता. भौतिकशास्त्र शिकलेला, यंत्राची आणि किरणांची मापं सांभाळणारा माणूस. ज्यांच्या मेंदूत सुरी घालणं धोक्याचं असतं, अशांवर त्या विभागात किरणांनी शस्त्रक्रिया होई. चारी बाजूंनी बारीक किरण सोडायचे. एकटादुकटा किरण कोणाचं काही बिघडवत नाही. सगळे जिथे येऊन भेटतात तिथेच काय तो घाव बसतो. ती भेटीची जागा ठरवायची, हे त्याचं काम. कवटी उघडायची नाही, टाका घालायचा नाही. रुग्ण सकाळी येतो, डोक्याला धातूची चौकट आवळून घेतो, आणि दिवस मावळायच्या आत कपाळावर स्क्रूचे दोन ठिपके घेऊन घरी जातो.

असा माणूस घरी कसा असेल? तसाच होता. भिंतीवरचं घड्याळ केसभर तिरकं झालं तरी त्याला घास गिळवत नसे. घरात शिरायचीसुद्धा ठरलेली रीत होती. पायपुसण्यावर बूट दोनदा घासायचे, किल्ली दाराजवळच्या खिळ्याला लावायची, मग घसा खाकरायचा. "आमच्याकडे पाहुणेसुद्धा पट्टी लावून बसवतात," असं बायको लोकांना हसत सांगायची. ती पोहायला शिकवायची. रडणाऱ्या पोरांपासून गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना तिने तलावात उतरवलं होतं, आणि तिच्या केसांना कायम क्लोरीनचा वास यायचा. तो तिला मासोळी म्हणायचा. फक्त तोच म्हणायचा. लाडाचं असं त्याच्याकडे एवढं एकच होतं.

पहिल्यांदा झालं ते एका सुट्टीच्या सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर. ती तलावावरच्या कोणा मुलाची गंमत सांगत होती आणि बोलता बोलता थांबली. खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची होती, तिकडे बघत राहिली. हातातला पाव हातातच. आणि तिचा चेहरा असा काही उजळला की त्याने मान वळवून खुर्चीकडे पाहिलं. कोणाची तरी खूप वाट पाहावी आणि तो अचानक दारात उभा दिसावा, तसा तो चेहरा होता. मग तिने पापण्या मिटून उघडल्या आणि पावाला लोणी लावू लागली.

"कोण आलं होतं?" त्याने थट्टेनं विचारलं.

"कोणी नाही रे," ती म्हणाली. "चहा ठेवू?"

थट्टाच होती. पण इतक्या वर्षांच्या संसारात या बाईने आपल्याकडे असं कधी बघितलं नाही, हा विचार त्या दिवशी त्याच्या मनात येऊन बसला तो उठायचं नावच घेईना.

पुढे ते वरचेवर होऊ लागलं. भाजी चिरताना, कपड्यांच्या घड्या करताना, एकदा तर फोनवर बहिणीशी बोलताना. ती क्षणभर निघून जायची आणि यायची ती तोच चेहरा घेऊन. तो विचारायचा, कोण आलं होतं. ती म्हणायची, कोणी नाही. शेवटी त्याने खोदून खोदून विचारलं तेव्हा ती बोलली.

"आधी वास येतो. ताज्या ऑइलपेंटचा. मग भिंत हिरवी दिसायला लागते, अगदी फिकट हिरवी. आणि तो बसलेला असतो."

"तो कोण?"

"कुणास ठाऊक. ओळखीचा आहे, पण ओळख लागत नाही. खुर्चीच्या कडेवर बसतो, टेकत नाही. बूटसुद्धा काढत नाही. चिंधीने बोटं पुसत असतो, आणि सारखं दाराकडे लक्ष."

"चेहरा कसा आहे?"

"खिडकी त्याच्या पाठीशी असते ना. दिसत नाही."

मिलिमीटरने चमचा बशीत सरळ ठेवला. "आणि करतो काय?"

"काही नाही. हात धरतो." ती थांबली आणि तिला हसू आलं. "आणि बघतो रे माझ्याकडे. नीट बघतो. माप घेतल्यासारखं नाही."

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हे आजाराचं लक्षण आहे हे त्याला कळत होतं. रोज असल्याच डोक्यांशी त्याची गाठ पडायची, आणि असे भास बहुतेक वासापासून सुरू होतात हेही त्याला पाठ होतं. तरी रात्री कूस बदलताना त्याच्या डोळ्यांपुढे ती चिंधीच यायची. कसली बोटं पुसतो हा गाढव? आणि घरात बूट घालून बसायची ही कुठली पद्धत?

मग एका दुपारी ती तलावातच निघून गेली. पाण्यात, मुलांसमोर. जीवरक्षकाने वेळेवर ओढून काढलं म्हणून वाचली. तलावाच्या साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं की बरं वाटेपर्यंत येऊ नका, आणि ती घरी बसली. पाण्याशिवाय ती चार दिवसांत कोमेजली. तपासण्या सुरू झाल्या. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून फोटो काढतात ती अँजिओग्राफी झाली, आणि ती अगदी स्वच्छ आली.

"म्हणजे डोक्यात काही नाही," तिची थोरली बहीण म्हणाली. "हे तर मी लहानपणापासून सांगत होते." हसून झाल्यावर तिने त्याला बाजूला घेतलं. "भावोजी, तुमचा चेहरा असा का? आजारी ती आहे आणि एरंडेल तुम्ही प्यायल्यासारखे दिसताय. भासातल्या माणसाशी भांडण आहे का तुमचं?"

"काहीतरीच काय, ताई," तो म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले.

खरं शोधलं ते मोठ्या बाईंनी. त्या विभागाच्या मुख्य शल्यविशारद, हाताने स्थिर आणि तोंडाने फटकळ. त्यांनी वेगळ्या पद्धतीचा एमआरआय करायला लावला आणि पडद्यावर बोट ठेवलं. कानाच्या आतल्या बाजूला, बराच खोल, भिजलेल्या मनुक्याएवढा रक्तवाहिन्यांचा गुंता होता.

"अँजिओग्राफीत वाहतं रक्त दिसतं," त्या म्हणाल्या. "यात ते धड वाहतच नाही, तुंबून राहतं. म्हणून सापडत नव्हते. महाराज लपून बसले होते."

महाराज हा शब्द मिलिमीटरला झोंबला.

गुंत्याभोवती एक काळी कड होती. असला गुंता अधूनमधून जरासा पाझरतो, त्या रक्तातलं लोखंड आसपास साचून राहतं, त्याची ती कड. विभागात तिला गंजाची कड म्हणत. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी जे सांगितलं जाई ते हेच, की घाव कडेच्या आत घालायचा. कड ओलांडायची नाही. कडेपर्यंत आजार असतो, कडेपलीकडे माणूस राहतो, असं मोठ्या बाई बजावत. दुसरा नियम कोणी सांगत नसे, कारण तो सगळ्यांना माहीत होता: घरच्या माणसाची आखणी स्वतः करायची नाही. त्यामुळे मासोळीचं काम गेलं धाकट्या सहकारिणीकडे. प्रत्येक रेघ दहा वेळा पुसून पुन्हा काढायची म्हणून विभागात तिला खोडरबर म्हणत.

आखणीच्या आधी आणखी एक तपासणी झाली, मेंदूचा कुठला भाग केव्हा जागा होतो ते दाखवणारी. नशीब असं, की मासोळी यंत्रात असतानाच तिला तो झटका आला. खोडरबरने त्याला हाक मारली.

"सर, हे बघा. गुंता इथे आहे. पण त्या वेळी उजळलं ते इथे, कडेच्या बाहेर. या जागेचं असं काही काम मी तरी कुठे वाचलेलं नाही."

कडेपलीकडे एक लहानसा ठिपका लखलखत होता. मिलिमीटर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. अच्छा, त्याच्या मनात आलं, इथे बसतोस होय.

त्या दिवशी तो कधी नव्हे ते लवकर घरी निघाला. का निघाला ते त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नाही. दार हलक्या हाताने उघडलं, बूट घासले नाहीत, खाकरला नाही. मासोळी खिडकीजवळ बसली होती आणि समोरची खुर्ची तिच्याकडे वळवलेली होती. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड नुकता मावळत होता.

"इतक्यात आलास?" ती म्हणाली.

त्याने खुर्चीच्या बैठकीवर तळहात ठेवला. कडेला, फक्त कडेला, ऊब होती. ऊन दुसऱ्या बाजूला होतं. मग त्याला तिची बाही दिसली. मनगटापाशी फिकट हिरवा डाग होता. त्याने त्यावर अंगठा घासला आणि रंग अंगठ्याला आला, ओला, ऑइलपेंटचा वास मारणारा.

"हे काय?"

तिने बाहीकडे पाहिलं. तिलाही कळलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "कुठेतरी लागला असेल."

घरात हिरवं काही नव्हतं. जिना पांढरा, गच्चीचं दार राखाडी. ती दोन दिवसांत बाहेर पडली नव्हती. त्याने रॉकेल आणून अंगठा स्वच्छ केला, साबणाने धुतला, पुन्हा रॉकेल लावलं. माणसाने तर्काने चालावं असं तो आयुष्यभर सांगत आला होता, आणि आता तर्क करायला बसला की प्रत्येक वाट त्याच खुर्चीपाशी येऊन थांबत होती. त्याला भीती वाटायला हवी होती. वाटला तो नुसता जळफळाट. बाहीला हात लावण्याइतकी याची मजल गेली!

उपचाराच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "हे झालं की तो यायचा बंद होईल का रे?"

"तुला वाईट वाटेल?"

"तलावावर जायला मिळेल," ती म्हणाली. हे काही उत्तर नव्हतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

सकाळी मोठ्या बाईंनी स्वतः तिच्या डोक्याला चौकट बसवली. बधिर करूनही स्क्रू आवळताना तिने त्याचा हात घट्ट धरला. तो सुखावला. लगेच त्याच्या मनात आलं, त्याचाही असाच धरते का? चौकटीसकट एमआरआय झाला आणि ती बाहेरच्या खोलीत पडून राहिली. आत खोडरबरने आखणी केली. किरण जिथे जिथे भेटायचे तिथे एकेक ठिपका, आणि सगळ्यांभोवती घावाची पिवळी रेघ. रेघ गंजाच्या कडेच्या आत अंगठीतल्या खड्यासारखी बसली होती. त्याच्याच्याने यापेक्षा चांगली झाली नसती.

"सर, नुसती नजर टाका," ती म्हणाली. "एमआरआयवाले बोलावताहेत, मी आलेच."

ती गेली. तो तिच्या खुर्चीत बसला.

कडेपलीकडे काहीच दिसत नव्हतं. या चित्रात तो ठिपका उजळत नसतो. तिथे नुसता राखाडी, निरोगी मेंदू होता. पण जागा त्याच्या डोळ्यांना पाठ झाली होती. त्याने आणखी एक भेटीची जागा टाकली. पिवळी रेघ एका अंगाला फुगली, काळी कड ओलांडून बाहेर गेली. केवढीशी! दुसऱ्या कोणाच्या आखणीत त्याला ती दिसली असती तर त्याने अख्खा विभाग डोक्यावर घेतला असता.

मोठ्या बाई सही करायला आल्या तेव्हा तिघेही पडद्यासमोर उभे होते. बाईंची नजर त्या फुगवट्यावर थांबली.

"इथे जरा सैल हात सोडलाय का?"

खोडरबरने पाहिलं आणि तिचा रंग उतरला. ही रेघ आपली नाही असं तिला वाटलं. मग वाटलं, दहा वेळा पुसण्याच्या नादात आपलीच राहिली असेल. मग वाटलं, सरांनी बघितली आहे, म्हणजे काही कारण असेल. ती मिलिमीटरकडे बघू लागली. बाईही त्याच्याकडेच बघू लागल्या.

"तू पाहिलंयस ना?"

"पाहिलंय."

"मग झालं," बाई म्हणाल्या आणि सही केली. त्याच्या नजरेवर शंका घ्यायची पद्धतच त्या विभागात नव्हती.

उपचाराच्या खोलीत रुग्ण एकटा असतो. जाडजूड दार बंद होतं, बाहेरची माणसं कॅमेऱ्यातून बघतात आणि माइकवरून ऐकतात. दार लावण्याआधी तो सगळं तपासून आला. चौकट पक्की, चादर सरळ, सिस्टरची बसायची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. मासोळीला गाणी नको होती. ती पडून राहिली, हात चादरीवर.

एकेक जागा पुरी होत गेली. पडद्यावर शेवटची, त्याने टाकलेली, सुरू झाली तेव्हा माइकमधून तिचा आवाज आला.

"निघालास?"

सिस्टरने बटण दाबलं. "काही हवंय का?"

 मासोळीचा श्वास ऐकू येत होता, संथ. आणि त्या श्वासाच्या मागे थोडा उशिराने चालणारा दुसरा श्वास. मिलिमीटरने आवाज वाढवला, कमी केला. खोलीत घुमत असेल, त्याने स्वतःला सांगितलं. कॅमेऱ्यात तिची बोटं हळूहळू मिटली, कोणाच्या तरी बोटांवर मिटावी तशी, आणि डोळ्यांतून पाणी ओघळून चौकटीच्या कडेला गेलं. उपचार संपल्याचा दिवा लागला.

दार उघडलं तेव्हा सिस्टर उंबऱ्यातच थांबली. "इमारतीत कुठे रंगकाम चाललंय का हो?"

खुर्ची पलंगाकडे तोंड करून होती.

किरणांचा परिणाम सावकाश होतो. गुंता एका दिवसात विरत नाही, महिने जातात. पण मासोळीचं निघून जाणं आधी विरळ झालं आणि मग थांबलं. कपाळावरचे ठिपके बुजले. पुढचा एमआरआय बघून मोठ्या बाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. तलावाच्या साहेबांनी तिला परत बोलावलं. तिच्या केसांना पुन्हा क्लोरीनचा वास येऊ लागला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. खिडकीजवळची खुर्ची त्याने टेबलापाशी आणून ठेवली. कोणाचं काही उरलं नाही, असं स्वतःशी म्हणताना त्याला जिंकल्यासारखं वाटलं.

आता तो चेहरा आपल्या वाट्याला येईल, असं त्याने धरून ठेवलं होतं. त्याच्याशी ती चांगली वागायची. डबा भरून द्यायची, त्याने घसा खाकरला की आतून "आलास?" म्हणायची, चहा ठेवायची. आवाजात राग नाही, लोभ नाही; वाणसामान आल्यावर विचारतात तसं. तो तिच्याकडे नीट बघायचा प्रयत्न करायचा. "असा काय बघतोयस? काही लागलंय का चेहऱ्याला?" ती विचारायची आणि गाल पुसायची. त्या चेहऱ्याची त्याला आठवण यायची, आणि ज्याने तो चेहरा बघितला, अगदी समोरून, जवळून, त्या मेलेल्याचाही तो मत्सर करायचा.

घर रंगवायची कल्पना तिची. सुट्टी आहे, आपणच रंगवू, म्हणाली. दुकानात रंगाच्या पट्ट्यांवरून तिचं बोट फिरलं आणि एका पट्टीवर थांबलं. फिकट हिरवा.

"हाच?" त्याने विचारलं.

"छान आहे की. का, तुला नाही आवडला?"

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. विसरली होती ती, सगळं. रंग तो रंग, त्याने स्वतःला समजावलं. शिवाय नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या वर्गाला तलावावर गेली आणि तो कामाला लागला. सामान मधोमध ओढून वर चादर टाकली, फरशीवर वर्तमानपत्रं अंथरली, रंग सांडतो म्हणून जुने बूट पायात ठेवले. कडा सरळ याव्यात म्हणून आधी चिकटपट्टी लावली, मग ब्रश फिरवला. दुपारपर्यंत खिडकीकडची भिंत झाली. एकच खुर्ची मोकळी होती, ती खिडकीपाशी ओढून तो तिच्या कडेवर बसला. पाठ टेकली असती तर ओल्या भिंतीला लागली असती. चिंधीने तो एकेक बोट पुसू लागला.

तेव्हाच त्याला आपण कसे बसलो आहोत ते कळलं.

उठायला हवं, असं वाटेपर्यंत दार उघडून मासोळी आत आली. पिशवी हातात, केस ओले. खिडकीकडे बघून ती थबकली.

आणि तिचा चेहरा उजळला.

इतक्या दिवसांनी. त्याच्यासाठी. पिशवी तिथेच टाकून ती आली, त्याच्यासमोर वर्तमानपत्रांवर बसली आणि तिने त्याचा हात धरला. तिच्या बाहीला मनगटापाशी हिरवा रंग लागला. त्याने तिच्याकडे पाहिलं, नुसतं पाहिलं, काही मोजलं नाही. एवढंच हवं होतं त्याला. एवढ्यासाठी तो किती जळला होता!

"मासोळी," तो म्हणाला.

तिची बोटं थांबली. "तू कधीपासून मला मासोळी म्हणायला लागलास?" ती हसत म्हणाली. "तसं तो म्हणतो."

"कोण तो?"

"कोण म्हणजे? नवरा माझा."

"अगं, मीच," तो म्हणाला. "वेडी आहेस का? इकडे बघ, मी आहे."

ती बघतच होती. खिडकीच्या उजेडात डोळे बारीक करून, प्रेमाने. त्याच्या बोलण्यातलं तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं.

"मला वाटलं, तू आता येत नाहीस," ती म्हणाली. मग तिने घड्याळाकडे पाहिलं. "पण निघ आता. तो यायच्या आत निघ."

त्याने दाराकडे पाहिलं. दाराजवळच्या खिळ्याकडे पाहिलं. सकाळी ती गेल्यावरही त्याची किल्ली तिथेच होती. आज तो घराबाहेर पडलाच नव्हता. खिळा मोकळा होता.

त्याने खिसे चाचपले.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, एका मापाची.

"ऊठ ना," ती कुजबुजली. तिने त्याला दंडाला धरून उठवलं, स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत नेलं. दार ओढता ओढता तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, तसंच, डोळे भरून. मग कडी लागली.

तो मागच्या जिन्यात उभा राहिला, हातात चिंधी घेऊन.

आत पुढचं दार उघडलं. पायपुसण्यावर बूट दोनदा घासले गेले. किल्ली खिळ्याला लागल्याचा बारीक आवाज झाला. कोणीतरी घसा खाकरला.

"आलास?" मासोळी म्हणाली. आवाजात राग नाही, लोभ नाही.

 खुर्ची सरकली. कोणीतरी तिच्या बैठकीवर तळहात ठेवून ऊब बघत असावं, इतका वेळ पुढचं पाऊल वाजलं नाही.

"मासोळी," आवाज म्हणाला. तो आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. "कोण आलं होतं?"

"कोणी नाही रे," ती म्हणाली. "चहा ठेवू?"